शंभर विड्या

लक्ष्मी मंडईत मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या बाईपुढं मावशी वाकून उभी होती. मी आणि तिची सख्खी मुलगी, ताई, समोरून आलो, ते अगदी चार हातांवर. दिवेलागणीची वेळ. पायाखाली कोबीची पानं आणि चिखल, वर प्लास्टिकच्या पालातून ठिबकणारं पाणी, कोथिंबिरीचा आणि सडक्या टोमॅटोचा एकत्र वास. मावशीनं मान वर केली, मला पाहिलं आणि नेहमीसारखी "सलाम गं" म्हणाली. मग तिची नजर माझ्या शेजारी गेली, क्षणभर थांबली आणि चेहऱ्यावरची रेघही न हलता पुन्हा मेथीकडं वळली. तिनं पैसे दिले, दोन जुड्या पिशवीत घातल्या आणि नारळवाल्यांच्या रांगेतून निघून गेली. ताई तिथं काहीच बोलली नाही. रिक्षानं सात रस्ता ओलांडल्यावर म्हणाली, "दादा आलाय बघ पुण्याहून. आईला एकटीला दोन जुड्या कशाला लागतेत? त्यालाच लागतो मेथीचा गरगट्टा."

त्या संध्याकाळपासून माझ्या डोक्यात तो सलाम अडकून बसलाय. मी जुन्या चर्चची. रेल्वे लाईन्समध्ये वाढलेली, संडे स्कूलात सुवर्णवचनं पाठ करून बक्षिसाच्या पेन्सिली मिळवलेली. मावशी ज्या संगतीत, म्हणजे प्रार्थनामंडळीत जाते, तिच्या हिशेबानं माझं तारण झालेलं नाही, आमची भक्ती मेलेली आहे, आमचे पाळक पगारी नोकर आहेत. तरीही मला सलाम चालतो. मला अजून प्रकाश मिळालेला नाही, म्हणून माझी कीव करायला मुभा आहे. ताई त्या प्रकाशात दहा-बारा वर्षं बसली, टाळ्या वाजवून गायली, साक्ष दिली, आणि एक दिवस उठून बाहेर आली. तिच्याकडं बघायचं नाही. पोटच्या पोरीकडं बघायचं नाही, हे बासष्टीच्या बाईला कुणी शिकवलं आणि ते तिच्या अंगात इतकं कसं मुरलं, हे मला समजून घ्यायचं आहे. त्यासाठीच लिहिते आहे.

त्या संगतीचं नाव मी लिहिणार नाही. पूर्व भागातल्या एका दुकानाच्या माडीवर ती भरायची. पत्र्याचं छप्पर, निळ्या सतरंज्या, भिंतीवर तेलुगू आणि मराठी अशा दोन भाषांत रंगवलेली वचनं. पुढारी माणसाला सगळे अय्यगारू म्हणत. ते तेलुगूत बोलत आणि एक तरुण मुलगा वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत जाई. एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखाली बसणं म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला नको. तरी माणसं तीन-तीन तास बसत. मी एकदा ताईबरोबर गेले होते. घामानं पाठ सतरंजीसारखी ओली झाली होती, पण गाणं सुरू झालं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला, हे मी नाकारणार नाही. यंत्रमागावर बारा तास उभं राहून आलेली माणसं, कान अर्धे बधिर झालेले, आणि ती इतक्या सुरात गात होती.

माणसं तिथं उगीच जात नव्हती. भावजींचा धाकटा भाऊ दारूनं संपत आला होता. संगतीतली चार पोरं आळीपाळीनं त्याच्या उशाशी बसली, त्याची ओकारी काढली, त्याला कामावर नेऊन सोडलं. तो सुटला तो सुटलाच. लॉकडाऊनमध्ये माग बंद पडले तेव्हा ज्वारी-तांदळाच्या पिशव्या आल्या त्याही तिथूनच. ताईचं दुसरं बाळंतपण अवघड गेलं, तेव्हा सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात रात्रभर बसलेल्या बायका संगतीतल्या होत्या. आमच्या जुन्या चर्चमधून मी सोडून कुणी फिरकलं नव्हतं. बाहेर पडलेल्यांना लोक विचारतात, "एवढी वर्षं कळलं नाही का तुम्हाला?" तेव्हा मला चीड येते. कळायला वेळ लागतो, कारण प्रेम खरं असतं. उशाशी बसणारी पोरं खरी असतात. त्या प्रेमाची वसुली कधी आणि कशी सुरू झाली, ते बसणाऱ्या पोरांनाही ठाऊक नसतं.

वसुलीला तिथं 'छत्र' म्हणत. प्रत्येक विश्वासणाऱ्यावर एक आत्मिक छत्र हवं, आणि देवानं नेमलेलं छत्र म्हणजे अय्यगारू. त्याखालून जो निघाला तो सैतानाच्या उन्हात उभा. सुरुवातीला फक्त प्रार्थनेसाठी विचारायचं. मग नोकरी बदलायची तर विचारायचं. मग पोराचं लग्न, घराची बोली, गावाला जाणं. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तर सोडाच, संक्रांतीला शेजारणीनं तीळगूळ दिला तर तो घ्यायचा की नाही तेही विचारायचं. जानेवारीत नंदीध्वज निघतात, अख्खं शहर पांढऱ्या बाराबंदीत रस्त्यावर असतं, तेव्हा ताईची पोरं खिडक्या लावून घरात बसलेली असत. आम्ही ख्रिस्ती असूनही लहानपणी गड्ड्यावर पाळण्यात बसलो, बत्तासे खाल्ले, आमच्या श्रद्धेला काही झालं नाही. पण ताईच्या मुलाला पाळण्याचं नाव काढलं तरी रडू यायचं, कारण त्याला सांगितलं होतं की पाळणा वर गेला की खाली आगीचं तळं दिसतं.

या छत्राचा उगम शोधत गेले, तर तो सोलापुरात नव्हताच. १९७०च्या दशकात अमेरिकेत, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथं पाच नावाजलेले उपदेशक एकत्र आले होते आणि त्यांनी हीच शिकवण पसरवली: प्रत्येकाला एक मेंढपाळ हवा, लग्न-नोकरी-पैसा सगळं त्याच्या संमतीनं. हजारो घरं त्यात ओढली गेली. तिथल्याच इतर उपदेशकांनी जाहीर विरोध केला. पुढं त्या पाचांतल्या बॉब ममफर्ड यांनी १९९०च्या सुमारास लोकांची उघड क्षमा मागितली. म्हणजे ज्यांनी ही शिकवण रुजवली त्यांच्यातलाच एक माणूस चुकलो म्हणाला. पण शिकवण मात्र वचनांच्या कात्रणांवर बसून जग फिरत राहिली. क्षमा मागितल्याची बातमी काही तिच्यामागून पूर्व भागातल्या माडीपर्यंत आली नाही.

आणि कबुली. दर महिन्याच्या उपास-प्रार्थनेला बायकांनी मनातली पापं पुढं येऊन सांगायची. नवऱ्याबद्दल काय वाटलं, जावेबद्दल काय वाटलं. ताईनं एकदा सांगितलं होतं की तिसरं मूल नको म्हणून तिनं गुपचूप देवाला विनवलं होतं. पुढच्या रविवारी उपदेशात नाव न घेता ते आलं, आणि सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं चीनच्या तुरुंगांतून बाहेर आलेल्या लोकांशी बोलून १९६१ साली मन ताब्यात घेणाऱ्या व्यवस्थेची आठ लक्षणं मांडली, त्यांत कबुलीचा हा सोहळा आहे. मी ते ताईला वाचून दाखवलं. ती खूप वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आमचंच असं झालं नव्हतं."

पण खरा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो अव्वांनी. अव्वा म्हणजे ताईच्या सासूबाई. शाळेची पायरी न चढलेल्या, तरुणपणीच विधवा झालेल्या, चाळीस वर्षं विड्या वळून मुलं मोठी केलेल्या. मी त्यांच्या शेजारी बसून ते काम तासन्‌तास पाहिलं आहे. रात्री भिजवलेली तेंदूची पानं सकाळी ओल्या फडक्यातून काढायची. पत्र्याचा आयताकृती फर्मा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, शिर वगळून. मांडीवर सूप, सुपात जर्दा. चिमूटभर जर्दा पानावर एकसारखा पसरून अंगठ्यानं वळवायचं, टोक नखानं दुमडायचं, दोऱ्याचे दोन वेढे. हे सगळं होईपर्यंत आपण एक वाक्य बोलून पुरं करत नाही. बोटांची टोकं कायमची तपकिरी, आणि खोकला. हजार विड्यांवर मजुरी. कारखान्यात तपासताना सैल, वाकड्या विड्या छाट म्हणून बाजूला काढतात, त्यांचं काही मिळत नाही. अव्वा त्या हजारातल्या शंभर विड्यांचे पैसे वेगळ्या डब्यात टाकत. दशमांश. छाट गेलेल्या विड्या स्वतःच्या नव्वद टक्क्यांतून वजा करत, देवाच्या शंभरांना हात लावत नसत.

एका रविवारी अय्यगारूंचा उपदेश तंबाखूवर झाला. तंबाखू म्हणजे देवाच्या मंदिराची, म्हणजे शरीराची विटंबना. विडी ओढणारा आणि विडी देणारा दोघंही दोषी. समोरच्या सतरंजीवर बसलेल्या बायकांपैकी निम्म्या विडी वळणाऱ्या होत्या. त्यांनी माना खाली घातल्या. सभा सुटल्यावर अव्वा डबा घेऊन पुढं गेल्या आणि तेलुगूत, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "अय्या, विडी पाप असेल तर हे पैसे देवाला चालतात का? चालत असतील तर मग ते पाप कसं?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तर मिळालं की देव पैशाला शुद्ध करतो. अव्वा म्हणाल्या, "मग मला पण करेल की." आणि डबा परत घेऊन घरी आल्या.

मला त्या बाईचं फार मोठेपण वाटतं. धर्मशास्त्राच्या जाड पुस्तकांत सापडणार नाही असं तर्कशास्त्र आहे ते. कष्टाला पापी ठरवायचं आणि कष्टाच्या पैशावर छप्पर टाकायचं, ही गाठ तिनं दोन वाक्यांत सोडवली.

त्या दिवसापासून भावजी वाचायला लागले. वाचत ते आधीही होते, पण सांगितलेलं वचन सांगितलेल्या जागी उघडून, निळ्या पेनानं खूण करून. आता पहिल्या पानापासून सुरुवात केली. टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी सातला घरी आले की चहा पिऊन दारातल्या पायरीवर बसत. पाण्याचा दिवस असला की बायका हंडे भरत असत, नळावर भांडणं चालत, आणि हा माणूस मोशेच्या नियमांत बुडालेला. त्यांचं बायबल मी हातात घेऊन पाहिलं आहे. काळं रेक्झिन, कडा सुटलेल्या, पानांना मशीनच्या तेलाचे अंगठे. निळ्या खुणा जुन्या. त्यांच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात नवे प्रश्न. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात 'मनुष्य देवाला लुटील काय?' या वचनाखाली निळी रेघ होती, इतक्या वेळा ओढलेली की कागद फाटायला आला होता. दशमांश दिला नाही की हे वचन ऐकवलं जाई. त्याच पानावर वरती, दुसऱ्या अध्यायाच्या आरंभाला, पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'हे याजकांना सांगितलंय.' खरंच तसं आहे. मलाखी आधी याजकांवर आसूड ओढतो. आंधळी, लंगडी जनावरं अर्पण करणाऱ्यांना जाब विचारतो. त्यातला लोकांना लागू होणारा तुकडा तेवढा माडीवर आला होता. याजकांचा तुकडा खालीच राहिला होता.

पण ज्या पानानं भावजी अस्वस्थ झाले, ते बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाचं. दर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवायचा आणि मंदिराची सेवा करणारा लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी येऊन तो पोटभर खायचा, असा तिथं नियम आहे. त्यांनी पेन्सिलीनं 'विधवा' या शब्दाभोवती गोल केला होता आणि समासात फक्त 'आई' लिहिलं होतं. त्या नियमानं अव्वांनी दशमांश द्यायचा नव्हता, घ्यायचा होता.

मग त्यांनी संगतीत जमाखर्च मागितला. रागानं नव्हे. त्यांना वाटलं होतं की वाचनात सापडलेली ही गोष्ट अय्यगारूंना दाखवली तर ते खूश होतील. बिरुया गावच्या लोकांनी प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्राशी रोज ताडून पाहिलं आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलेलं आहे, हेही त्यांनी सोबत खूण करून नेलं होतं. उत्तरादाखल त्यांना एक वचन ऐकवलं गेलं, जे अशा प्रत्येक माडीवर, प्रत्येक मांडवात ऐकवलं जातं: 'माझ्या अभिषिक्तांना', म्हणजे देवानं नेमलेल्यांना, 'हात लावू नका.' या वचनाची भीती काय असते ते बाहेरच्याला कळणार नाही. प्रश्न विचारला आणि महिन्याभरात पोर आजारी पडलं तर? माग बंद पडला तर? ताई तेव्हा रात्री उठून पोरांचे श्वास ऐकायची.

भावजींनी ते स्तोत्र काढून वाचलं. १०५वं. अख्खं. तिथं देव हे वाक्य राजांना बजावतो आहे. ज्यांच्यासाठी बजावतो ती माणसं म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब यांचं मूठभर कुटुंब: ना जमीन, ना गाव, एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात भटकणारं. सत्तेवर बसलेल्यांनी निराधारांना हात लावू नये, असं ते वाक्य आहे. ते उलटं फिरवून खुर्चीवर बसलेला माणूस सतरंजीवर बसलेल्या विधवेला ऐकवतो, तेव्हा काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. दावीदाची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. शौल राजा गुहेत हाती लागला तरी दावीदानं त्याला मारलं नाही, कारण तो अभिषिक्त होता. इथं उपदेश थांबतो. पुढच्याच ओळींत दावीद गुहेबाहेर येतो, झग्याचा कापलेला काठ हातात धरून मोठ्यानं हाक मारतो आणि राजाला सगळ्यांदेखत जाब विचारतो, हे सांगत नाहीत. तोच दावीद पुढं स्वतः राजा झाला, बथशेबेच्या प्रकरणात घसरला, तेव्हा नाथान संदेष्टा समोर उभा राहून म्हणाला, 'तो माणूस तूच आहेस.' अभिषिक्ताला प्रश्न विचारणं पाप असतं तर बायबलाची निम्मी पानं फाडावी लागतील. अंत्युखियात पौलानं पेत्राला तोंडावर विरोध केला, तेही पान जाईल.

भावजी हे सगळं बोलले, सभेत, उभं राहून. तिसऱ्या दिवशी त्यांचं नाव कमी केल्याचं जाहीर झालं. ताईला निवड दिली गेली: नवरा की छत्र. तिनं पोरांची दप्तरं उचलली आणि नवऱ्यामागं जिना उतरली. मावशी वर सतरंजीवर बसून राहिली.

तेव्हापासून सलाम नाही.

या बहिष्कारालाही वचनाचा आधार दिला जातो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू म्हणतो की जो मंडळीचंही ऐकणार नाही, त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदारासारखा समजा. हे वचन मावशीला तोंडपाठ आहे, मला तिनं फोनवर म्हणून दाखवलं. मी तिला विचारलं, "मावशी, हे शुभवर्तमान लिहिलं असं आपण मानतो तो मत्तय कोण होता? जकातदारच ना? आणि येशू त्याच्याशी कसा वागला? त्याच्या घरी जेवायला बसला." पलीकडं बराच वेळ शांतता होती. मागं कुकरची शिट्टी झाली. मग मावशी म्हणाली, "तुला कळणार नाही. मी तिच्याशी बोलले तर ती कधीच परत यायची नाही. मी बोलले नाही तरच तिला टोचंल आणि ती परत यील." तिचं हे प्रेम आहे. त्या शिकवणीनं आईच्या प्रेमालाच कामाला लावलंय. मौन जेवढं कठोर, तेवढी माया जास्त, असा हिशेब तिच्या मनात पक्का बसवलाय, आणि म्हणून मंडईत लेकीचा चेहरा दिसला तेव्हा तिनं जी मान वळवली ती तिच्या लेखी प्रार्थनाच होती. मला मावशीचा राग येत नाही असं नाही. येतो, खूप येतो. पण तिला दोषी ठरवून मोकळं व्हायला मन तयार होत नाही.

लोक म्हणतात पोलिसात जा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा आहे, २०१७पासून लागू आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या हालांतून तो जन्माला आला, आणि मला त्याचा अभिमान आहे. मी ताईला त्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "तक्रारीत कोणाकोणाचं नाव लिहू? बोलत नाही ती आईच आहे की." कायद्यानं वाळीत टाकणाऱ्या पंचांना धरता येतं. आईला मुलीशी बोलायला लावणारं कलम कुठं असणार?

गप्प राहण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते लिहायला मला जड जातं. गल्लीतल्या एकानं भावजींना मोठ्या आपुलकीनं चहाला बोलावलं आणि म्हणाला, "तुम्ही फक्त सांगा काय काय केलं त्यांनी, बाकी आम्ही बघतो." भावजी चहा पिऊन परत आले, काहीच न सांगता. त्यांची तक्रार एका माणसाबद्दल आणि एका शिकवणीबद्दल होती. ती उद्या प्रत्येक प्रार्थनाघराच्या दारावर दगड बनून पडली असती, आणि ज्या पोरांनी भावाला दारूतून सोडवलं त्यांच्या डोक्यावरही. आत बोललं तर अभिषिक्ताचा द्रोह, बाहेर बोललं तर आपल्याच माणसांवर संकट. अशा घरांना दोन्हीकडून तोंड दाबून धरलेलं असतं. तरी बोललं पाहिजे असं मला वाटतं. आपल्या घरातली गोष्ट आपण आपल्या शब्दांत सांगितली नाही, तर दुसरा ती त्याच्या कामासाठी सांगेल.

आणि प्रश्न विचारणं ही ख्रिस्ती माणसासाठी परकी गोष्टही नाही, निदान मराठी ख्रिस्ती माणसासाठी तर नाहीच. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागं पडलं की केडगाव स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोनच वर्षांत, १८८५ मध्ये, ज्या सिस्टर जेराल्डिननी त्यांना आश्रय दिला होता त्यांनाच त्यांनी पत्रातून सांगितलं की मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण पाद्री-बिशपांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. आमच्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून महत्प्रयासानं सुटले, ते तसलंच दुसरं मानेवर घ्यायला नाही. परक्या देशात, त्यांच्याच आधारावर राहून, लहान मुलगी पदरात असताना ही बाई असं लिहिते. आणि हे लिहून ती श्रद्धा सोडत नाही. पुढं केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घालवते, साध्या बायकांना स्वतः वाचता यावं म्हणून. मी हे ताईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "त्यांना पण कोणी बोलायचं बंद केलं होतं काय?" तिला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

बाहेर पडलं म्हणजे सुटलं, असं नसतं. ताईला अजून पहाटे चारला जाग येते, ती प्रार्थनेची वेळ होती. वीज कडाडली की पोरगा आईला बिलगून विचारतो की शेवट आला का. भांडी घासताना तिच्या तोंडी माडीवरचीच गाणी येतात, मध्येच लक्षात येऊन ती थांबते, आणि मग थांबल्याचंच वाईट वाटतं. गाणी तर तिची स्वतःची होती की. कुंभारीकडं विडी घरकुलात अशी पाच-सहा कुटुंबं रविवारी दुपारी कुणा एकाच्या घरी जमतात. मी अधूनमधून जाते. पुढारी कुणी नाही. एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी भांडायचं. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही मध्ये ठेवलेलं असतं. एक तरुण मुलगा आहे, तोच, जो अय्यगारूंचं मराठी करायचा. त्याचा आता देवावरच विश्वास उरलेला नाही, तरी तो येतो, कारण सगळ्यात जास्त वचनं त्यालाच पाठ आहेत आणि तो म्हणतो, "माझ्या तोंडून गेलंय ते सगळं, मलाच परत तपासू द्या." एक बाई छत्राची शिकवण खोटी मानते, पण दशमांश अजून बाजूला काढते, तो कुणाला द्यायचा ते तिला ठरवता येत नाही, म्हणून डबा भरत चाललाय. भावजींची श्रद्धा आधीपेक्षा घट्ट झाली आहे. अव्वा भिंतीला टेकून विड्या वळत ऐकतात आणि भांडण फार चढलं की "वाचा, पुढं वाचा" म्हणतात. या सगळ्यांना एका रांगेत बसवून 'धर्माला फसलेले' असं लेबल लावणाऱ्यांनी एक दुपार तिथं येऊन बसावं. तिथं येणाऱ्यांनी त्या शब्दांवर बाकीच्यांपेक्षा जास्त विश्वास टाकला होता, म्हणून तर त्यांना ते शब्द नीट वाचावेसे वाटले.

आमच्या जुन्या चर्चबद्दलही आता स्पष्ट लिहिते. ही कुटुंबं एकदा आमच्याकडं भक्तीला आली होती. बाकावर जागा असून कुणी सरकलं नाही. उपासनेनंतर कमिटीतले एक ज्येष्ठ म्हणाले की सभासद व्हायचं असेल तर आधी क्षमापत्र लिहून द्या, तुम्ही मंडळी सोडून गेला होता. ताईचा चेहरा मी पाहिला. पुन्हा एक जिना, पुन्हा कुणापुढं तरी उभं राहून पापाची कबुली. ती काही न बोलता पोरांना घेऊन निघाली. म्हणून मी कमिटीला लेखी मागणी दिली आहे: क्षमापत्राची अट नको, पोरांना सरळ संडे स्कूलात घ्या, आणि दर तिमाहीचा जमाखर्च दारातल्या फळ्यावर लावा, सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात. विधवांसाठी किती खर्च झाला त्याची ओळ वेगळी दाखवा. पहिल्या दोन गोष्टींना फारसा विरोध होणार नाही असं दिसतंय. तिसरीवर कुरबुर सुरू झाली आहे. हिशेब ऑडिटरला दाखवतो तेवढं पुरे, असं दोघा-तिघांचं म्हणणं आहे. बैठक पुढच्या महिन्यात आहे. भावजींना मी हे सगळं सांगितलं आणि विचारलं, याल का पुन्हा? ते टॉवेलच्या गाठोड्याची दोरी आवळत होते. म्हणाले, "फळा लागू दे आधी. मी आईला घेऊन येतो, तिला वाचून दाखवतो."